नकारनोंद

शलाका ढोबळेचे काम संबंध तोडण्याचे होते, आणि त्या कामात तिचा हात धरणारे नागपुरात दुसरे कोणी नव्हते. वर्धा रोडवरच्या दुवापरीक्षण प्रयोगशाळेत ती भिंतभर पसरलेल्या दुवानकाशासमोर बसायची. मधोमध गिऱ्हाइकाचे संकेतस्थळ, आणि जगभरातल्या इतर पानांवरून त्याच्याकडे येणारे दुवे बारीक रेघांसारखे चहूबाजूंनी आत शिरलेले. निरोगी दुवा हिरवा, संशयास्पद पिवळा, घातक लाल. गिऱ्हाइके यायची ती बहुधा लालेलाल होऊनच.

त्या सकाळी समोर असलेले संकेतस्थळ तर इतके लाल होते की प्रयोगशाळेचे प्रमुख विसूभाऊ खानझोडे यांनी दारातूनच कपाळावर हात मारला.

"अरे बाप्पा! हे कोणी करून ठेवलं?"

"माझ्या विद्यार्थ्यांनी," खुर्चीत बसलेल्या डॉ. यशोधरा मेश्राम म्हणाल्या. "आणि भाच्यांनी. आणि बऱ्या झालेल्या मुलांच्या आईबापांनी. मीच सांगितलं होतं त्यांना."

"सांगितलं होतं!" विसूभाऊ शलाकाकडे बघत म्हणाले. "आता काय बोलावं?"

डॉ. मेश्राम गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांचे संकेतस्थळ म्हणजे जेमतेम एक पान. त्यावर झापड नावाच्या आजाराची माहिती होती. नव्या पद्धतीच्या बंद कोठारांत साठवलेल्या तांदळावर एक राखाडी बुरशी धरू लागली होती. तो तांदूळ पोटात गेला की मोठ्यांना नुसती मळमळ व्हायची, पण लहान मूल झोपी जायचे आणि हाक मारली तरी उठायचे नाही. अशा मुलाला कोणताही दवाखाना आधी ग्लुकोजची बाटली लावतो. याच आजारात मात्र ती बुरशी साखरेवर पोसली जाते आणि मूल दोन दिवसांत जाते. जंतांवरची एक जुनी, स्वस्त गोळी विरघळवून पाजली तर मूल उठून बसते. हे डॉ. मेश्रामांनी शोधून काढले होते आणि त्या पानावर लिहिले होते. त्या पानावर दुसरे काहीच नव्हते, डॉक्टरांचा फोटोसुद्धा नव्हता.

"तुम्ही तुमच्या रुग्णालयात गोळ्या देता ना?" शलाकाने विचारले.

"देत होते. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती तोवर. आता कपाट उपचारक उघडतो." उपचारक म्हणजे प्रत्येक रुग्णालयात बसवलेले सल्लायंत्र. औषधाच्या दुकानांनाही तेच परवानगी देई. "तो सांगतो ग्लुकोज लावा. नर्स लावते. कायदा आहे. मी बाजूला उभी राहते आणि बघते. जुन्या साठ्यातल्या थोड्या गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत. आईबापांचा विश्वास असला तर मी त्या चोरून पाजते. संपल्या की संपलं."

"आणि उपचारक तुमचं पान वाचत नाही."

"शोधयंत्राच्या पाचव्या पायरीच्या खालचं काही वाचत नाही म्हणतात. माझं पान कुठल्या पायरीवर आहे तेही मला दिसत नाही."

विसूभाऊंनी खुर्ची ओढली. तरुणपणी 'अन्वेषक' या शोधयंत्राची हेतुछाननी ज्यांनी घडवली, त्या अभियंत्यांत ते एक होते. एके काळी हे ते भेटेल त्याला सांगत. अलीकडे कोणी विचारले तरच सांगत, आणि तेही विषय बदलता बदलता.

"असं आहे पा, डॉक्टर," ते म्हणाले. "पूर्वी शोधयंत्र मजकूर वाचायचं. मग यंत्रंच मजकूर लिहायला लागली. एकाच आजारावर हजारो पानं, सगळी गोडगोड, सगळ्यांखाली मोठमोठी नावं. संशोधनपत्रिकाही त्यातच वाहून गेल्या. खरं कोणतं, खोटं कोणतं, वाचून कळेना. म्हणून आम्ही मजकूर सोडून दिला आणि फक्त येते दुवे मोजायला लागलो. दुसऱ्या माणसाला तुमचं पान दाखवावंसं वाटलं, म्हणजे त्यात काहीतरी असेल."

"बरोबर आहे की."

"बरोबर होतं. मग लोक दुवे मागायला लागले. विकत घ्यायला लागले. मेहुण्याच्या संकेतस्थळावरून, शाळेतल्या मित्राच्या दुकानावरून. तेव्हा आम्ही हेतुछाननी आणली." त्यांनी क्षणभर आपल्या हातांकडे पाहिले. "दुवा देणाऱ्याचा तुमच्याशी आधी काही संबंध आला होता का, हे अन्वेषक तपासतो. फोन, संदेश, एका खोलीत बसलेले, काहीही. तुमचं भलं व्हावं असं ज्याला वाटतं, त्याचा दुवा शून्य. आणि तुम्ही तो मागितला असेल, तर शून्याच्याही खाली. दंड."

डॉ. मेश्राम पुढे झुकल्या. "म्हणजे ज्या आईचं मूल माझ्यासमोर उठून बसलं, तिची साक्ष चालत नाही."

"तिला तुमच्याविषयी माया आहे ना? मग नाही चालत."

"आणि ज्याला काही देणंघेणं नाही, त्याची चालते."

"त्याचीच चालते."

"मग मी वर्तमानपत्रात देते. दूरदर्शनवर जाऊन सांगते."

"चुकूनही नका!" शलाका जवळजवळ ओरडलीच. "तुमचं आवाहन ज्यांनी ज्यांनी ऐकलं, ते सगळे कायमचे बाद होतील. डॉक्टर, तुम्ही जितक्यांना सांगाल, तितके साक्षीदार गमवाल."

"हे कोणी बनवलं?" डॉक्टरांनी विचारले. विसूभाऊ उठून खिडकीपाशी गेले आणि तिथून, वातावरण हलके करावे म्हणून, त्यांनी नेहमीचा किस्सा सुरू केला. धंतोलीत तर्री-पोहेवाले दोघे होते, एकमेकांचे पक्के वैरी. एकाने एकदा भावनेच्या भरात आपल्याच पानावर लिहिले की समोरच्याची तर्री माझ्यापेक्षा चांगली आहे. दुसऱ्या दिवशी समोरच्याचे पान थेट पहिल्या पायरीवर. "कारण माणूस स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलतो तेव्हा तो खोटं कशाला बोलेल? अन्वेषक सगळ्यांत जास्त त्याचंच ऐकतो. एका दुव्यात काम झालं!"

कोणीच हसले नाही. डॉ. मेश्रामांना गडचिरोलीची बस गाठायची होती.

शलाकाने काम सुरू केले. दुवापरीक्षणात दुरुस्तीचा मार्ग एकच, नकारनोंद. जे दुवे अंगाशी येत आहेत ते मालकाने जाहीरपणे नाकारायचे. नोंदीचे वाक्य ठरलेले असे: "सदर दुवा आमच्या इच्छेने दिलेला नाही. त्यावरील मजकूर आम्हांस मान्य नाही व त्यातील दाव्याशी आमचा संबंध नाही." नाकारले की दंड उठतो. कोणी गुपचूप हात झटकू नयेत म्हणून प्रत्येक नकारनोंद, मालकाच्या पानाच्या दुव्यासह, कायद्याने सर्वांसाठी खुली ठेवलेली असते. ती मागे घेता येते, पण मागे घेतल्याचा काही उपयोग होत नाही, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होते. त्यामुळे मागे घेण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे.

ती एकेक पान उघडत गेली. डॉक्टर शेजारी बसून वाचत होत्या. विद्यार्थिनीचे पान: बाईंमुळे मी डॉक्टर झाले. काप. भाच्याचे सायकल दुरुस्तीचे पान, कोपऱ्यात मावशीच्या पानाचा दुवा. काप. आरमोरीच्या एका आईने मुलाचा फोटो लावला होता. मूल आंबा खात होते आणि तोंड सगळे माखले होते.

"हेही?" डॉक्टरांनी विचारले.

"हे सगळ्यांत आधी, डॉक्टर. हे सगळ्यांत जड आहे."

डॉक्टरांनी मान हलवली. शलाकाला वाईट वाटले. पण वाईट वाटून घेत बसले तर हे काम होत नाही, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

शेवटी एक पिवळी रेघ उरली. दुवा देणारे पान ओळखीच्या कोणत्याच भाषेत नव्हते. ओडिया लिपीत तीच तीच अक्षरे पुन्हा पुन्हा आली होती. एकच शब्द ओळीने चार-पाच वेळा. बाजूला मधाच्या पोळ्यांची चित्रे. प्रयोगशाळेच्या भाषायंत्राने अभिप्राय दिला: अर्थहीन, बहुधा यंत्रनिर्मित. असा कचरा प्रत्येक संकेतस्थळाला चिकटलेला असतो, आणि त्याबाबत धंद्याचा शिरस्ता ठरलेला होता. शंका आली की कापायचे. एका घातक दुव्याने होणारे नुकसान दहा चांगल्या दुव्यांनी भरून निघत नाही.

"हे कोण आहेत?" डॉक्टरांनी विचारले.

"कोणी नाही. कचरा आहे."

तिने सगळ्यांची मिळून एकगठ्ठा नकारनोंद तयार केली. डॉ. मेश्रामांनी काचेवर अंगठा टेकवला. भिंतीवरच्या रेघा एकामागून एक विझल्या आणि मधला ठिपका एकटा, स्वच्छ राहिला.

"आता?"

"आता वाट बघायची," शलाका म्हणाली. "कोणीतरी तुम्हाला न ओळखता तुमच्या पानावर पोहोचायला हवं."

"पण पान वर असल्याशिवाय ते कोणाला सापडणार कसं?"

डॉक्टरांनी पर्स काखोटीला मारली, दोघांना नमस्कार केला आणि त्या बससाठी निघाल्या.

पुढचे कित्येक दिवस शलाका सकाळी आल्या आल्या आधी तो ठिपका बघायची. काहीच बदल नसायचा. आणि मग एका दुपारी, डबा खाऊन ती परत आली तेव्हा, ठिपक्याला एक रेघ जोडलेली होती. हिरवी. नुसती हिरवी नव्हे, मनगटाएवढी जाड. पान पाचव्या पायरीवर नव्हते. पहिल्या पायरीवर होते.

"विसूभाऊ!" तिने हाक मारली ती इतकी मोठ्याने की पलीकडच्या खोलीतली माणसेही आली. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. बातमी सांगितली. मग डॉक्टर रडत आहेत हे तिच्या लक्षात आले.

"कोणी दिला दुवा?"

"बघते ना. कोणीही असू दे! आता महाराष्ट्रातला प्रत्येक उपचारक तुमचं पान वाचणार. आधी कपाट उघडा."

"वॉर्डात येतेच आहे एक बाळ," डॉक्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शलाकाने रेघेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघायला हात पुढे केला, तेवढ्यात तिचाच फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. माणूस बोलत होता त्यातले तिला अवाक्षर कळत नव्हते. फोनमधला दुभाषा मागोमाग मराठीत सांगत होता.

"नमस्कार मॅडम. मी सुकांत कन्हर. ओडिशात डोंगरात राहतो, मध काढतो. मला तुमच्याकडून सूचना आली आहे. त्याबद्दल विचारायचं होतं."

"कसली सूचना?"

"माझ्या पानावरचं तुमच्या डॉक्टरांना मान्य नाही म्हणून. मॅडम, माझी मुलगी झोपली होती, उठत नव्हती. आमच्याकडे ते सल्ल्याचं यंत्र पोहोचलेलं नाही, एक म्हातारे कंपाउंडर आहेत. मी फोनला आमच्या कुई भाषेत विचारलं. त्याने तुमच्या डॉक्टरांचं पान दाखवलं. कंपाउंडरांनी गोळी पाजली. मुलगी उठली. मी तेच लिहिलं. उठली, उठली, उठली, असं लिहिलं. मला आनंद झाला होता." दुभाषा थांबला, मग त्याच सपाट आवाजात म्हणाला, "तुम्ही हे खोटं आहे असं का लिहिलं?"

शलाकाने विसूभाऊंकडे पाहिले. ते ऐकत होते.

"तुम्ही डॉक्टरांना ओळखत होता का?" तिने विचारले. उत्तर तिला ठाऊक होते.

"नाही हो. मी कधी महाराष्ट्रात आलो नाही."

तिने माफी मागितली. काय सांगितले ते तिला नंतर आठवेना. सुकांत कन्हर म्हणाला की काही हरकत नाही, चूक होते, फक्त मुलीला वाईट वाटले. मग तो म्हणाला की कधी इकडे आलात तर मध घेऊन जा.

फोन ठेवल्यावर विसूभाऊंनी सांगायला सुरुवात केली. समजावत होते तिला, पण बोलत होते भिंतीशी.

"मराठीत किंवा हिंदीत त्याने विचारलं असतं तर त्याला हे पान कधीच दिसलं नसतं. वर हजारो पानं आहेत. कुई भाषेत या आजारावर पानच नाही, म्हणून पायऱ्याही नाहीत. अन्वेषकाने पायरी न बघता नुसता अर्थ जुळवून दिला. अन्वेषकाला ती भाषा येते. आपलं भाषायंत्र जुनं आहे, त्याला येत नाही."

"तो दुवा खरा होता," शलाका म्हणाली. "पूर्ण निर्हेतुक. एकच होता आणि मी कापला."

"तेवढंच असतं तर बरं होतं." त्यांनी रेघेच्या टोकाला बोट लावले. दुवा देणारे पान उघडले. ती शलाकानेच दाखल केलेली नकारनोंद होती.

शलाकाला आधी कळेना. मग तिने ते वाक्य पुन्हा वाचले आणि हळूहळू कळू लागले.

"विद्यार्थ्यांचे, भाच्यांचे दुवे नाकारले ते डॉक्टरांच्या फायद्याचं होतं," विसूभाऊ म्हणाले. "दंड उठणार होता. म्हणून त्या नकाराला काही किंमत नाही. पण कन्हरचा दुवा सोन्यासारखा होता. त्या एका दुव्यावर पान महिन्याभरात पाचव्या पायरीला गेलं असतं. तो नाकारणं म्हणजे स्वतःच्या पायावर कुऱ्हाड. असं कोण करेल? जो अगदी प्रामाणिक आहे तोच. अन्वेषकाने तसाच अर्थ काढला. जिला सगळ्यांत जास्त फायदा होता, तीच बाई जाहीरपणे सांगते आहे की गोळीने मूल बरं झालं हा दावा मला मान्य नाही. याच्यापेक्षा विश्वासार्ह विधान या यंत्राला आजवर मिळालं नसेल."

"म्हणजे पान वर गेलंय ते..."

"नकारासकट गेलंय. पानाच्या माथ्यावर तेच वाक्य लागलं असेल."

"आपण नोंद मागे घेऊ! आत्ता घेऊ!"

"घे. मागे घेणं डॉक्टरांच्या फायद्याचं आहे. शून्य. कन्हरला पुन्हा लिहायला सांग. तू आत्ता त्याच्याशी बोललीस. शून्य. मी जाऊन सांगतो, मी हे यंत्र घडवलं म्हणून सांगतो. मी या खोलीत डॉक्टरांसोबत बसलो होतो." ते थांबले. "आम्ही ही छाननी इतकी चोख केली होती, शलाका. एक फट ठेवली नाही. तेव्हा पेढे वाटले होते."

शलाका दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला गेली. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ही. पण डॉ. मेश्रामांना ते आदल्या दुपारीच कळले होते. कपाट उघडले नव्हते, आणि कारण म्हणून उपचारकाच्या पडद्यावर त्यांचेच नाव आले होते. आदल्या दिवशीचे बाळ पहाटे गेले होते.

वॉर्डाच्या टोकाला एका खाटेवर दुसरे मूल झोपले होते, तीनेक वर्षांची मुलगी, कपाळावर काजळाची तीट. तिची आई उशाशी बसली होती. डॉक्टरांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. गोळी पाण्यात विरघळवली. चमचा पुढे केला.

आईने मुलीच्या तोंडावर हात ठेवला.

"नको बाई."

"अगं, हेच औषध आहे. बाटलीने नाही बरी व्हायची ती. माझ्यावर विश्वास ठेव."

"तुमच्यावरच ठेवून राहिली ना मी." आईने फोन पुढे धरला. झापड हा शब्द टाकला की सगळ्यात वर आता ते पान येत होते, आणि पानाच्या माथ्यावर डॉ. यशोधरा मेश्रामांच्या नावाने ते वाक्य. "तुमीच लिवलं ना हे, का गोळीनं बरं होते हे खरं नाही? तुमचंच नाव आहे. मी दोनदा वाचून घेतलं."

"ते मी दुसऱ्या कारणासाठी..." डॉक्टर थांबल्या. त्या कारण सांगू लागल्या असत्या तर संध्याकाळ झाली असती. त्यांनी शलाकाकडे पाहिले.

शलाका पुढे झाली. "ताई, चूक माझी आहे. त्यांनी नाही, मी लिहिलं ते. डॉक्टरांची गोळी खरी आहे. मी शपथ घेते."

आईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. ती रागावलेली नव्हती. मूल आजारी असलेल्या माणसाकडे रागवायला वेळ नसतो.

"तुमी कोण बाई यांच्या?"

"मी... मी यांचं पान वर आणायचं काम करते."

"मंग तुमी असंच म्हणणार ना," आई म्हणाली.

ती समजूतदारपणे म्हणाली, बाजारात भाव करताना म्हणतात तसे. डॉक्टरांच्या हातातला चमचा अजून भरलेला होता आणि त्या तो सांडू नये म्हणून सरळ धरून उभ्या होत्या. आईने दाराकडे मान वळवली आणि नर्सला हाक मारली, की बाटली लवकर लावा, पोरगी कालपासून उपाशी आहे.